वरची खाट

लहानपणापासून शब्दाला शब्द लावायची, म्हणून घरात तिला सगळे वकिलीणबाई म्हणत. शिकायला मात्र तिनं रसायनशास्त्र घेतलं. विद्यापीठाजवळच्या भाड्याच्या खोलीत चौघी मुली राहायच्या. दुमजली खाटा, सगळ्यांत मिळून एक टेबल, आणि खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. हिच्या वाट्याला वरची खाट आली. छत इतकं खाली, की ताठ बसता येत नसे. टेबलाची पाळी नसली की ती मान वाकवून मांडीवर पुस्तक घ्यायची. छताच्या ओलीवर मालकीणबाईंनी नुसता रंग फासला होता. त्याचे पापुद्रे उशीवर पडायचे.

थंडीत खोकला जडला, मग झोप उडाली. दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहायचं. एकदा हातातलं काचेचं भांडं निसटलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "झेपत नसेल तर जागा अडवू नका." एरवी तिनं त्यांनाही सोडलं नसतं. त्या दिवशी तिनं मुकाट्यानं काचा वेचल्या आणि निघून गेली.

पुन्हा वर्गात गेलीच नाही. सकाळी दप्तर घेऊन निघायची आणि बस स्थानकाच्या बाकावर दिवस काढायची. आईचा फोन आला की म्हणायची, "मजेत आहे गं."

खालच्या खाटेवरची मैत्रीण भावाला बसमध्ये बसवायला गेली, तेव्हा ही दिसली.

"इथे काय करतेस?"

"बसलेय. इथे छप्पर उंच आहे."

मैत्रिणीनं फोन बाहेर काढला. "आईला सांगू नकोस, माझी शपथ," म्हणून ही विनवत राहिली. मैत्रिणीनं तरी फोन लावलाच.

आई आली. शिडीवरून वर चढली आणि त्या खाटेवर आडवी झाली. बराच वेळ खाली उतरेना.

"भाजीत मीठ कमी पडलं तरी भांडायचीस," उतरल्यावर ती म्हणाली. "याबद्दल चकार शब्द नाही?"

"तू सगळ्यांना माझं कौतुक सांगत होतीस, आई."

हजेरी भरली नाही, वर्ष गेलं. औषधांनी छाती मोकळी झाली. झोप काही परतली नाही. पुस्तक उघडते आणि दोन ओळींतच मिटून ठेवते. दुपारी ती मावशीच्या शिवणाच्या दुकानात बटणं लावते. गिऱ्हाइकांनी विचारलं, तर मावशीच सांगते, "सुट्टीवर आलीय."

सुट्टी कधी संपणार, हे घरात कोणी विचारत नाही.