भाऊचं लायसन

वहिनीचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, शाळेत, फळा पुसत होते. "तुना भाऊ गया वं…" एवढंच ती म्हणाली. सकाळी अंघोळ करून, खाकी शर्टाची बटणं लावता लावता तो पलंगावर बसला आणि बसलाच. ड्यूटीवर निघालेला माणूस. आता महिना उलटून गेला, पण मला राहून राहून वाटतं, निदान शर्ट खाकी होता. कारण तो शर्ट पुन्हा अंगावर चढेल की नाही, यावर कित्येक महिने आमच्या घराचा जीव टांगणीला लागला होता.

भाऊ एसटीत ड्रायव्हर. जळगाव–धुळे हा त्याचा रस्ता. तापट, हेकट, आणि कामाच्या बाबतीत सोवळ्यातला. ड्यूटीच्या आदल्या दिवशीही ग्लासाला शिवायचा नाही. सुट्टीला मात्र दोस्तांबरोबर बसायचा, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मित्राने फैजपूरजवळच्या शेतात भरीत पार्टी ठेवली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, आणि आडोशाला बाटली. संध्याकाळी भाऊ आपली मोटारसायकल काढून घराकडे निघाला. बस हाकणाऱ्या माणसाला मोटारसायकल म्हणजे खेळणं वाटतं, तिथेच तो फसला. रस्त्यात नाकाबंदी होती. पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं, केस केली आणि लायसन जमा करून घेतलं. लायसन एकच. त्याच कार्डावर मोटारसायकल, त्याच कार्डावर बस.

मी तेव्हा त्याच्याकडेच जळगावला आले होते. भाऊने आजारपणाची रजा टाकली आणि घरात वाघासारखा येरझाऱ्या घालू लागला. त्याचा कंडक्टर सलीमभाई शेजारीच राहायचा, तो समजावून गेला, "भाऊ, तोंड उघडू नका. कोर्टात दंड भरा, कार्ड परत येईल. डेपोत कोण विचारतं?" पण चौथ्या दिवशी डेपोतूनच फोन आला. लग्नसराईच्या जादा गाड्या, ड्रायव्हर कमी, एक फेरी तरी मार. भाऊने खाकी चढवली आणि खुर्चीत बसून राहिला. फोन पुन्हा वाजला. त्याने उचलला नाही.

"मारी या एक फेरी," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "कोनले काय मालूम पडस?"

"लायसन नही ते मी ड्रायव्हर नही," भाऊ ओरडला. "गाडीले काही झाय ते त्या लोकेस्ले मी काय तोंड दाखाडू?"

"आनि नोकरी गयी ते आपन काय खावानं?"

तो उठला, तसाच डेपोत गेला आणि आगारप्रमुखांसमोर सगळं सांगून आला. त्याच दिवशी निलंबन झालं. कोर्टाने दंड केला, लायसन काही महिन्यांसाठी स्थगित झालं, आणि खात्याची चौकशी वेगळी. मला फार राग यायचा… चोर सोडून संन्याशाला फाशी! एकदा तसं बोलून गेले, तर भाऊ म्हणाला, "संन्यासी कोन? पेल व्हतू ना मी."

गावात पराचा कावळा झाला होता. सुट्टी, मोटारसायकल सगळं गळून पडलं. उरलं एवढंच की एसटीचा ड्रायव्हर दारू पिऊन सापडला. नोकरी राहील की जाईल हे कळेपर्यंत भाऊ निम्मा झाला. अखेर ताकीद मिळाली, पगारवाढ रोखली, लायसन परत आल्यावर चाचणी घेतली आणि गाडी दिली. पहिल्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर मी मुद्दाम भेटायला गेले. वाटलं, पेढा तरी मागेल. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होता.

"आज गाडीमा कोनीच झोपनं नही," तो म्हणाला. "बठ्ठा मनाकडेच देखी ऱ्हायंतात."

मी त्याला हसले. सगळ्यांनी तुझ्याकडेच बघत बसायला लोकांना काय उद्योग नाहीत, म्हटलं. पण रोज रात्री फोनवर तो तेच सांगायचा. आरशात बघितलं की उघडे डोळे. मग पावसाळा सरता सरता एका दुपारी त्याचा फोन आला. लहान मुलासारखा हसत होता. "पारोळा सोडं, आनि बठ्ठा झोपनात! सलीम बी झोपना!" कंडक्टर झोपला म्हणून खूश झालेला ड्रायव्हर मी दुसरा पाहिलेला नाही. ते सुख त्याला जेमतेम दिवाळीपर्यंत मिळालं.

दिवसकार्य आटोपून मी एसटीनेच धुळ्याला परतले. ड्रायव्हरच्या जागेवर कुणी अनोळखी तरुण होता. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. शेजारच्या बाईची मान माझ्या खांद्यावर कलंडली, पुढे एक म्हातारा तोंड उघडं टाकून घोरत होता. त्या पोराच्या पाठीशी सगळी गाडी निर्धास्त झोपली होती. त्याने एकदा आरशात पाहिलं. माझे डोळे तेवढे उघडे होते… मी ते मिटून घेतले.