सळई देवाची नव्हती

सदाभाईंना देवाने मारलेलं नाही.

हे आधी लिहिते, कारण आज डिचोलीच्या स्मशानात चिता नीट पेटायच्या आतच कुजबूज सुरू झाली. "शपथ बाधली." "देवाशी खेळूचा न्हय."

हार्ट अटॅक होता. सकाळी चहा पिता पिता गेले.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये निम्मे लेबर कोर्टातले वकील आहेत. तुम्ही सदाभाईंना ओळखता. कँटीनमध्ये ते शिरताना दिसले की मागच्या दाराने पळालेलेही आहात.

बाकीच्यांसाठी सांगते. ॲडव्होकेट सदानंद, आमचे सदाभाई, कामगारांचे वकील. डोकं कायम तापलेलं. पण नोकरीच्या केसेस लढणाऱ्या आम्हा सगळ्यांना, अगदी कंपनीच्या बाजूने उभं राहणाऱ्यांनाही, त्यांनी रविवारी कामगारांना मोफत सल्ला द्यायच्या कामाला जुंपलं होतं.

एक रविवार डिचोली, एक रविवार पेडणे.

मी कंपन्यांची वकील. माझ्या म्हापशाच्या ऑफिसात येऊन ते माझ्याच खुर्चीत बसले.

"आठवडोभर कंपनीचो पाव खातंस. एक आयतार माका दी."

"आणि नाही दिला तर?"

"तर मी हयच बसान."

दिला.

पेडण्याच्या अशाच एका रविवारी मला मारुती भेटला. गडहिंग्लजचा. उजवा हात मनगटापासून नाही.

पेडण्याजवळच्या एका कारखान्यात प्रेस मशीनचा सेफ्टी गार्ड ठेकेदाराने काढायला लावला होता. काम झटपट उरकतं म्हणून. मारुतीचा हात आत असताना प्रेस खाली आली.

ॲम्ब्युलन्स यायच्या आधी ठेकेदाराने पाइप लावून रक्त धुऊन काढलं. आणि बोंब ठोकली की हा पिऊन कामावर आला होता.

"म्या प्यालो नव्हतो ओ म्याडम," मारुती म्हणाला. "हात गेला तो गेला. पर माझ्या पोरींनी बापाला दारुडा म्हणू नये."

हे पाहणारे तिघे होते. इब्रामपूरची सुनंदा आणि तिच्याच वाड्यावरचे दोघे. ठेकेदार त्याच भागातला. त्याने तिघांना गावच्या देवळात नेलं आणि नारळावर हात ठेवून वदवून घेतलं की कारखान्यातली गोष्ट बाहेर काढणार नाही.

झालं. तोंडं बंद.

आमच्यातले एक हुशार सीनियर म्हणाले, "अशा शपथेला कायद्यात काडीचा अर्थ नाही."

सदाभाईंनी हातातला ग्लास भिंतीवर फोडला.

"सुनंदाक अर्थ आसा मरे! ती कायद्याक भियेना, देवाक भियेता!"

पुढच्या रविवारी आम्ही वकील मंडळी त्याच देवळात उभे होतो. अर्ध्या जणांना देवाला गाऱ्हाणं कधी घातलं होतं तेही आठवत नव्हतं. सदाभाई नारळ घेऊन देवासमोर उभे राहिले.

"बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकरांनी जो शब्द दिलो तो भियान दिलो. तो शब्द मी माझ्या माथ्यार घेतंय. काय कोप करूचो तो माझ्यार कर रे महाराजा!"

"होय महाराजा!" आम्ही ओरडलो.

सुनंदा तिथेच रडली. म्हणाली, साक्ष देईन.

त्याच आठवड्यात पेडण्याहून परतताना दोघांनी सदाभाईंची स्कूटर अडवली. लोखंडी सळया. आधी हेल्मेट फुटलं, मग डोकं. खाली पडल्यावर खांद्याचं हाड मोडलं, तोंडावर लाथा घातल्या, पुढचे दात पाडले. रस्त्याकडेच्या गटारात टाकून गेले.

आणि ठेकेदाराची माणसं गावभर सांगत सुटली: बघा, देव कोपला!

सुनंदा हॉस्पिटलमध्ये आली ती माफी मागायलाच. "भाई, आमी येवचव नाय. देवान तुमका मारल्यान."

सदाभाईंनी चांगल्या हाताने डोक्याची पट्टी ओरबाडली. नर्स किंचाळली. टाक्यांतून रक्त गळ्यापर्यंत आलं. त्यांनी सुनंदाचा हात धरून त्या जखमेवर ठेवला.

"देवाक सळय कित्याक लागता गो?"

सुनंदाने बोटांवरचं रक्त पाहिलं. मग पदराने हात पुसून म्हणाली, "खरां. देवाक लागूची नाय."

साक्षीची तारीख लागली. तारीख उद्याची आहे.

आणि आज सदाभाई गेले.

मला राग येतोय. त्या दोघांचा येतोय, ठेकेदाराचा येतोय. आणि सदाभाई, तुमचाही येतोय. एक दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

स्मशानातून बाहेर पडताना सुनंदा दिसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वकीलबाई, आता काय सांगशात? ह्या बारी तर कोणी मारूक नाय."

खरं आहे. या वेळी दाखवायला जखम नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट तिच्यापुढे धरून काय होणार?

माझा देवाच्या कोपावर विश्वास आहे का, हे कमेंटमध्ये विचारू नका. सुनंदाचा आहे. मारुतीची अब्रू त्यावर टांगली आहे.

मी तिला म्हटलं, "फाल्यां सकाळीं देवळांत यो. तो शब्द आतां म्हज्या माथ्यार."

ती थांबली. माझ्या डोक्याकडे बघत राहिली.

"तुमका पोरां आसत मगो?"

"आहेत."

"येतंय," ती म्हणाली.

तर आयताराच्या सगळ्या वकिलांनो, कामगारवाले, कंपनीवाले, कँटीनमधून पळणारे, सगळे. उद्या कोर्टाआधी इब्रामपूर. काळे कोट घालूनच या. नारळ मी आणते, गाऱ्हाणं मी घालते. "होय महाराजा" म्हणायला गळे हवेत.

ठेकेदाराची माणसं ही पोस्ट वाचतील, मला माहीत आहे. म्हापशाहून मी माझ्या पांढऱ्या स्कूटरनेच येणार आहे.

सदाभाई, भावपूर्ण वगैरे आज नाही जमत. सुनंदा कोर्टात बोलून पिंजऱ्यातून खाली उतरली, की मग तुमच्यासाठी रडेन.