भागीबाईचं औषध

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत झिपरूला क्वार्टर मिळालं, तेव्हा त्याच्या बायकोने, भागीबाईने, टेम्पोतून सगळ्यात आधी शिलाई मशीन उतरवून घेतलं. ब्लाउज शिवून मिळतील, अशी पाटीही दाराला लावली. पण ही माणसं सुरगाण्याची आदिवासी, हे कळल्यावर बायका यायच्या त्या मुतखड्यावर, केसगळतीवर मुळी मागायला.

“मला शिवण येतं, ताई. मुळ्याबिळ्या नाय,” ती हसून सांगायची. तिच्या माहेरी कुणाला ताप आला, की बाप जीप काढून थेट दवाखाना गाठायचा.

“नाय कसं? तुमच्यात तान्हं पोरसुद्धा झाडपाला ओळखतं,” शेजारची चंद्रभागा म्हणायची.

सत्त्याण्णवच्या श्रावणात चंद्रभागेच्या नवऱ्याला, कारभारींना, कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द, पण दवाखान्याचं नाव नको. चंद्रभागा रोज भागीबाईच्या दारात.

“मुळी द्या ना.”

“खरंच नाय येत, ताई. त्यांना दवाखान्यात न्या.”

“तुमच्यात लपवायची रीतच असते, ठावं हाय मला!”

एका सकाळी भागीबाईला खिडकीतून कारभारी दिसले. ओट्यावरून उठताना भिंत धरत होते. मशीनवरचा तिचा पाय थांबला. आपण खरं बोलत बसायचं आणि माणूस हकनाक जायचा!

दुपारी ती काळ्या चिंधीची पुरचुंडी घेऊन शेजारी गेली.

“आमच्या आजीची मुळी. दंडाला बांधा. पण पथ्य कडक आहे. दवाखान्यात रक्त तपासल्याशिवाय लागू पडत नाय, आन् डॉक्टरची एक गोळी चुकली, तर उलटते.”

“आता कसं!” म्हणत चंद्रभागेने लगेच रिक्षा बोलावली.

गणपतीत कारभारी आरतीला उभे राहिले. दुसऱ्या दिवशी चंद्रभागा पेढे घेऊन आली, सोबत नणंद.

“हिला शुगर हाय. तीच मुळी द्या.”

भागीबाईने कात्री खाली ठेवली. “तुमच्या तुळशीच्या कुंडीत हरळी माजलीय ना, तिचीच होती. घ्या उपटून.”

“आन् तुमची आजी?”

“तिला विड्याच्या पानापलीकडे पान माहीत नव्हतं.”

चंद्रभागेचा चेहरा आधी उतरला, मग तिला हसू आवरेना. “लय आगाऊ हायेस गं बाई तू!” आपल्या घरी जाऊन ती ब्लाउजपीस घेऊन आली. “गळा मागून मोठा ठेव. येतं ना?”

“तेवढंच तर येतं!”

माप घेता घेता भागीबाईने बाहेर पाहिलं. नणंद कुंडीपाशी वाकून मुठीमुठीने हरळी पदरात भरत होती.

“अहो ताई,” भागीबाई टेप हातात घेऊनच ओरडली, “आधी रक्त तपासा!”