कोल्ड स्टोरेजचा काटा का चढला

त्या जानेवारीत पिंपळगावला अशी थंडी पडली होती, की द्राक्षबागेत शेकोटी पेटवली तर जाळच कुडकुडत आपल्या शेजारी येऊन बसे. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि सगळा तालुका स्वेटरात असताना मी एकटी घामानं निथळत होते.

मी तिथल्या एका पॅकहाऊसमध्ये, जिथं द्राक्षं निवडून पेट्यांत भरत, पहिल्या टेबलाची मुख्य होते. हाताखाली वीस बायका. माझी कात्री अशी चाले, की घडातला नासका मणी मला बघूनच खाली उडी मारी. पण पाळी थांबून वर्ष होत आलं होतं. कात्री चालवता चालवता छातीत भपका उठायचा आणि मानेवरून थेट कानात शिरायचा.

“काकू, ताप हाय का?” टेबलावरची एक पोरगी विचारी.

“ताप नाय गं, तुझं काम बघून कढ येतोय!”

खरं सांगायची सोय नव्हती. माझ्या आधीच्या मुख्य बाईंना “आता तुमचं वय झालं” म्हणून टेबलावरून उठवून हातात झाडू दिला होता. मला टेबल सोडायचं नव्हतं.

मग मला कोल्ड सापडलं. भरलेल्या पेट्या गार करायची ती खोली. बाकीच्या बायका तिचं नाव काढलं तरी शाल शोधत. मी पेट्यांवरच्या चिठ्ठ्या तपासायच्या निमित्तानं दिवसातून दहादा आत. मालक म्हणाले, “कामाची कळकळ असावी तर अशी!” मी लाजून मान खाली घातली. गार वारा मानेला नीट लागावा म्हणूनही.

एका रविवारी नाशिकला जाऊन डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, “पाळी जाते तेव्हा अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं. त्यानं हे भपके, तुटकी झोप, चिडचिड. ते हळूहळू कमी होईल, फारच झालं तर औषध आहे. पण हाडं गुपचूप विरळ होतात, तिकडे बघा. दूध, नागली, रोज चालणं.” इतकी वर्षं हे इस्ट्रोजेन अंगात बिनभाड्यानं राहून गेलं आणि नाव कळलं ते जाताना!

इकडे कोल्डच्या तापमानाचा काटा चढू लागला. तिथला ऑपरेटर भलता गंभीर माणूस. आपण हसलो तर कॉम्प्रेसर बंद पडेल, अशी त्याची समजूत असावी. त्यानं मिस्त्री बोलावला. मिस्त्रीनं यंत्राचा स्क्रू न् स्क्रू खोलला, सापडलं काही नाही. माझ्या अंगाच्या धगीनंच काटा चढायचा, असं मी अजून लग्नाकार्यात सांगते. खरी गोष्ट एवढीच, की आत मला कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून मी टाचेनं दार अडवून उभी राहायचे.

एका दुपारी ऑपरेटरनं पकडलंच.

“ताई! दार उघडं? माल नासला म्हंजे? आता मालकाला सांगावं लागंल.”

माझ्याकडे एरवी शंभर थापा तयार असतात. त्या दिवशी एकही कामाला आली नाही.

“दादा, माझी पाळी गेली. अंगात जाळ उठतो म्हणून आत येते, पण दार लावलं की कोंडल्यासारखं होतं. मालकाला सांगितलंत तर टेबल जाईल माझं.”

तो लालबुंद झाला. फरशीकडे बघत म्हणाला, “थंडीत पांघरूण फेकून देता का?”

“देते.”

“मालकांवर खेकसता? म्हंजे, घरच्या?”

“ते ओझरला कामाला आहेत. हल्ली ओव्हरटाइम मागून घेतात.”

त्यानं मोठा श्वास सोडला. “आमच्या मंडळींचं बी तेच चाललंय. मी तर देवऋषी बघणार होतो.” मग खिशातून पेन काढून तळहातावर टेकवलं. “डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगा.”

दुसऱ्या दिवशी कोल्डमध्ये दारापाशी एक क्रेट पालथं घातलेलं होतं. वर नवा दिवा, आत कोंडल्यासारखं होऊ नये म्हणून. काटा जागेवर आला, मिस्त्रीला शाबासकी मिळाली आणि टेबल माझ्याकडेच राहिलं, पुढचे आठ हंगाम.

ती गोष्ट टेबलावर मीच फोडली, भपके थांबल्यावर. तेव्हापासून ते क्रेट रिकामं असं राहिलंच नाही. कुणी पदरानं वारा घेत आत शिरली, की ऑपरेटर काट्यावरची नजर न हलवता एवढंच म्हणे,

“बसा ताई. पण दार लावून.”