तोफेची भेग

आमचा मामा गाइड. जुन्या पेठेतल्या इमारती पाहायला आलेल्यांना फिरवणं हे त्याचं काम आणि थापा मारणं हा स्वभाव. पेठेच्या दगडी कमानीवर आमची खोली होती. कमानीच्या भिंतीतला जुना नळ गळायचा आणि पाणी मुरून तिथे एक भेग पडली होती. एकदा एका बाईंनी ती कशाची म्हणून विचारलं आणि मामा बोलून गेला, "तोफेचा गोळा लागला होता." बाईंनी फोटो काढला. झालं. पुढे गोळा दरवेळी थोडा मोठा होत गेला. सगळी पेठ त्याला तोफमामा म्हणू लागली. आम्हीही हसायचो.

भेग चढत चढत आईच्या शिलाई मशीनमागे आली, तिच्यात बोट जाऊ लागलं. नळ बदलायचा तर भिंत फोडायला हवी. त्याची परवानगी मागितली तर जुन्या वास्तूंच्या कचेरीतले साहेब आले, भेगेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हिला हात लावता येणार नाही. ऐतिहासिक आहे."

मामाचा चेहरा उतरला. "साहेब, ती पाण्याने पडलीय. तोफेचं मीच रचलं."

"बहिणीपायी इतिहास खोटा पाडू नका, तोफमामा," साहेब हसून म्हणाले.

मामाने कचेरीत खेटे घातले. उभ्या जन्मात पहिल्यांदा खरं बोलत होता आणि कुणी ऐकून घेईना. कमानीखाली उभा राहून तो पाहुण्यांना नळाचं सांगायचा, तर त्यांना ती गंमत वाटायची. मला त्याचा संताप यायचा, आणि त्याचा तो पडलेला, केविलवाणा चेहरा बघवायचाही नाही.

शेवटी हुकूम आला. भेग आहे तशी जपायची. वरची खोली धोकादायक, ती रिकामी करायची.

आम्ही मशीन खाली उतरवलं. भेगेशेजारी तोफेची हकिकत सांगणारी नवी पाटी लागली होती. आई ती वाचत थांबली.

"दादा, तोफ कुणाची होती रे?"

"कुणाची म्हणजे?"

"माझं घर गेलं. कुणी पाडलं ते तरी कळू दे."

मामाने पाटी वरपासून खालपर्यंत वाचली.

"ते कधी कुणी विचारलंच नाही गं," तो म्हणाला, आणि त्याने मशीनचं दुसरं टोक उचललं.