कोथरूडचा ओला फ्लोअर

पहाटे पाचची बार्शी-पुणे एसटी सुटली तेव्हाच मला चिडायला कारण मिळालं. खिडकीची काच बंद होत नव्हती. शेजारी माझी लेक मुक्ता मनगटांना पट्ट्या गुंडाळून झोपली होती. वीस वर्षांची आहे, ब्रेकिंग करते. हात, खांदा, डोकं जमिनीवर टेकवून भिंगरीसारखं फिरायचं आणि ताल चुकू द्यायचा नाही, असा तो नाच. आता त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. त्यासाठीची निवड चाचणी पुण्यात होती आणि एकच मुलगी परदेशी जाणार होती. "पोरगी डोक्यावर उभी राहून काय दिवे लावणार?" असं गावात विचारतात, ते मी ब्लाउज शिवता शिवता ऐकून घेते. तिचे गुडघ्यांचे पॅड मीच शिवलेत, गोधडीच्या उरलेल्या कापडाचे.

स्वारगेटला रिक्षावाल्याला विचारलं, "कोथरूडला येता का?"

तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "यायचं असतं तर वाचत बसलो असतो का?"

मग बसने गेलो. हॉलजवळ मिसळ खाल्ली. पावाऐवजी स्लाइस आणि गोडसर रस्सा. आमच्याकडे असली मिसळ आजाऱ्याला देतात. मुक्ताने अर्धीच खाल्ली, पोट जड झालं की फिरता येत नाही म्हणाली.

हॉलमध्ये मुलं सायफर (गोल करून आळीपाळीने मध्ये नाचणे) करत अंग मोकळं करत होती. खडकीची एक मुलगी मुक्ताला म्हणाली, "फ्लोअर एकदम भारी आहे यार, ग्रिप मस्त."

अकराची चाचणी प्रमुख पाहुण्यांसाठी दीडपर्यंत थांबली. तापलेली अंगं गार पडली. पाहुणे आले, शाली झाल्या, "हे ब्रेक डान्स वगैरे ठीक आहे, पण आपली संस्कृती विसरू नका" हे अर्धा तास ऐकून झालं. मग उद्घाटनाचा नारळ. फोटो चांगला यावा म्हणून दगड थेट फ्लोअरच्या मधोमध ठेवला. पाहुण्यांनी नारळ आपटला, टाळ्या पडल्या, पाणी लाकडावर पसरलं. कोणीतरी दगड आणि खोबरं उचललं, वरवर रुमाल फिरवला. मला समोरून हातभर ओल चकाकताना दिसत होती.

मी संयोजकांकडे गेले. "अहो, तिथे अजून ओलं आहे. फडकं द्या, मी पुसते."

"बाई, आपण जागेवर बसा. इथे अनुभवी माणसं आहेत."

"पण मुली त्यावर हात टेकणार..."

"बसा म्हटलं ना."

मी बसले.

पहिलीच लढत मुक्ता आणि त्या खडकीच्या मुलीची; आळीपाळीने नाचायचं, हरेल ती बाहेर. मुक्ता सुंदर फिरली. शेवटी अख्खं अंग एका हातावर तोलून ती पुतळ्यासारखी स्थिर झाली आणि तो हात सटकला. खांदा फळ्यांवर आदळल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. तिन्ही परीक्षकांनी खडकीच्या मुलीकडे बोट केलं.

जिंकलेली पोरगीच ओरडली, "अंकल, इथे पाणी आहे! तिला परत चान्स द्या ना!"

"निर्णय झालेला आहे," संयोजक म्हणाले. दुसऱ्या लढतीआधी मात्र फडकं आलं.

परतीच्या गाडीत मुक्ता खिडकीशी बसली होती. इंदापूरला आपला दुखरा खांदा दाबत म्हणाली, "आई, तुला दिसलं होतं ओलं?"

"हो. सांगायला गेले होते. ते म्हणाले, बसा."

"आणि तू बसलीस?"



घरी येऊन आठ दिवस झाले. त्या पाहुण्यांचा संताप येतो, संयोजकांचा तर नाव काढलं तरी येतो. पण मशीनवर बसले की सगळ्यात जास्त राग माझाच येतो. मी फडकं मागत बसले. खांद्यावर अख्खा पदर होता.