बिनआवाजाची मॅच

“पाटील ऐकत नाही,” असं तिसरा ट्रेनरही मला सांगून गेला, आणि गेला तो कायमचाच गेला. मुंबईच्या कुठल्याशा टीमने त्याला जास्त चांगली जागा देऊ केली होती. जाताना आमची शिट्टीही घेऊन गेला. रविवारी मोहने गावच्या टीमशी मॅच होती, आणि आमच्याकडे ना ट्रेनर, ना शिट्टी.

मी तेव्हा ठाण्यातल्या एका कापडगिरणीत लेबर वेल्फेअर ऑफिसर होतो. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झालेली. कारखान्यांचा नवा कायदा आला, त्याबरोबर हे पदही आलं. काम काय, तर कँटीनच्या चहापासून संडासाच्या कडीपर्यंत गिरणीत ज्याला कोणी धनी नाही ते सगळं वेल्फेअर ऑफिसरचं. फुटबॉल टीमही त्यातच आली. मी डोंबिवलीचा, जन्मात चेंडूला पाय लावलेला नव्हता, पण टीमचा सेक्रेटरी मीच.

टीमचा खरा कर्ताकरविता म्हणजे आमचे मॅनेजर दस्तूरसाहेब. पारशी माणूस, मनाने मोकळा, पण फुटबॉलचं वेड नको तितकं. मॅच हरली की ट्रेनर बदलायचा, हा त्यांचा एक उपाय. दुसरा उपाय, मुंबईहून खेळाडू आणायचा. त्याला ऑफिसात क्लार्कची नाहीतर स्टोअरमध्ये एखादी हलकी जागा द्यायची. तो चार मॅच खेळायचा आणि खुर्ची गरम व्हायच्या आत दुसऱ्या गिरणीत जायचा. त्या एका मोसमात तीन ट्रेनर झाले. पहिला म्हणाला, लांब किक मारा. दुसरा म्हणाला, लांब अजिबात मारू नका, छोटे पास द्या. तिसऱ्याने सगळ्यांना बूट घालायला लावले आणि निम्मी टीम फोड आल्यामुळे लंगडायला लागली. साहेब आपले ऑफिसच्या गॅलरीत उभे राहून उंटावरून शेळ्या हाकत होते.

याचा सगळ्यात जास्त संताप साचेखात्याला. साचा म्हणजे माग, ज्यावर कापड विणतात. असे शेकडो साचे ज्या शेडमध्ये चालतात ते साचेखातं, आणि तिथले कामगार ते साचेवाले. गिरणीची टीम म्हणजे आपली टीम, असं ते मनापासून मानायचे. शिफ्ट सुटली की घरी न जाता मैदानावर. ते मैदानही त्यांनीच सुट्टीच्या दिवशी कुदळ-फावडं घेऊन सपाट केलेलं. त्यांचा म्होरक्या दाजी कदम, देवगडकडचा, जिभेला हाड नसलेला माणूस. तो मला दर सोमवारी गेटवर गाठायचा. मुंबईहून आणलेल्या सेंटर फॉरवर्डपेक्षा आमच्या कँटीनची मांजर चपळ, असं त्याने मला एकदा ऐकवलं होतं. आणि शेवट ठरलेला, कान्हाला का बसवता? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच, असं म्हणून तो तंबाखू मळायला लागायचा.

कान्हा पाटील साचेवालाच. माजिवड्याच्या पलीकडचा, आगऱ्याचा मुलगा. बापजाद्यांचं काम मिठागरावर, त्यामुळे लहानपणापासून चिखलात पाय रोवून चालायची सवय. फुटबॉल म्हणजे पावसाळी खेळ. बाकीचे घसरत असताना हा अनवाणी, उभाच्या उभा. सेंटर हाफला खेळायचा, म्हणजे टीमच्या ऐन मध्यात. पण एकूण एक ट्रेनरने त्याला बाहेर बसवला. तक्रार एकच, तो ऐकत नाही.

तिसऱ्या ट्रेनरने ही तक्रार थेट साहेबांकडे नेली होती. प्रॅक्टिसमध्ये पाटीलला मागून हाका मारल्या, त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. शिट्टी झाल्यावरही किक मारली. साहेबांना शिस्तीचं फार. त्यांनी कान्हाला चार्जशीट दिली. चार्जशीट म्हणजे आरोपपत्र, आणि आरोप होता वरिष्ठांची आज्ञा न पाळण्याचा. सिद्ध झाला तर माणूस नोकरीतून जाऊ शकतो. मागच्या मॅचला साचेवाल्यांनी ट्रेनरच्या नावाने मैदान डोक्यावर घेतलं होतं, म्हणून त्याच दिवशी नोटीसही लागली की मॅचच्या वेळी आरडाओरडा करणाऱ्यावर कारवाई होईल. दोन्ही कागदांवर सही साहेबांची. कान्हाची चौकशी मात्र माझ्या गळ्यात.

शुक्रवारी कान्हा माझ्यासमोर येऊन बसला. चौकशीत कामगाराला सोबत एक सहकारी आणता येतो, त्याने दाजीला आणलं होतं. मी विचारलं ते त्याने नीट सांगितलं, आवाज थोडा मोठा, पण अदबीने. मग मी मान खाली घालून कागदावर लिहिता लिहिता विचारलं, “ट्रेनरने बोलावलं तेव्हा का नाही गेलास?” उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, ट्रेनर खोटं बोलत नव्हते, हा खरंच माजोरी आहे.

दाजीने खुर्ची पुढे ओढली.

“साहेब, त्याच्याकडे बघून बोला. तो ऐकत नाही म्हणजे त्याला ऐकू येत नाही.”

मी लिहायचा थांबलो. दाजी सांगत होता की सगळ्या साचेखात्याला हे ठाऊक आहे. साच्यांच्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहिलं की पुष्कळांचे कान जातात, याचे लवकर गेले इतकंच. समोरच्याच्या ओठांवरून त्याला बोलणं कळतं. मागून बोललात तर भिंतीशी बोललात. कान्हा दाजीच्या तोंडाकडे बघत होता. आपलं गुपित फुटलं हे त्याला कळलं आणि त्याचा चेहरा पडला.

“साहेब, मना साच्यावरून काढू नको,” एवढंच तो म्हणाला.

त्याची भीती मला लगेच कळली. ऐकत नाही म्हणावं, तर तो बेशिस्त ठरतो आणि नोकरी जाते. ऐकू येत नाही म्हणावं, तर डॉक्टरकडे जातो, डॉक्टर ‘अनफिट’ लिहितात आणि तरीही नोकरी जाते. इकडे आड, तिकडे विहीर. घरी म्हातारी आई आणि दोन पोरं. मिठागरावर परत जायचं म्हटलं तर तिथेही आता कामं कमी झालेली. मी चौकशी सोमवारवर ढकलली आणि दोघांना जायला सांगितलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

रविवारी मुंबईचे दोन खेळाडू आलेच नाहीत. एकाची मावशी वारली होती, दुसऱ्याची वारायच्या बेतात होती. अकरा माणसं पुरी करायला मी कान्हाला घेतलं. हौसेने नव्हे, दुसरं कोणी नव्हतंच. साहेबांना जाऊन तसं सांगितलं. ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “खेळू दे. पन मी बघते. आज पन ऐकला नाय, तर उद्या तू आरोप सिद्ध लिहून सही कर.”

पाऊस थांबलेला, मैदानाचा चिखल झालेला. साचेखातं झाडून आलं होतं. दोन्ही बाजूंच्या रेषांवर आणि दोन्ही गोलच्या मागे नुसती माणसं. रेफरीने आपली शिट्टी वाजवली, मॅच सुरू झाली, आणि एक आवाज नाही. शिवी नाही, हाक नाही, टाळी नाही. चिखलात पडणाऱ्या चेंडूचा थप्प आवाज तेवढा यायचा. मोहन्याचे खेळाडू गोंधळून आमच्या लोकांकडे बघत होते. मला आधी वाटलं, रुसून बसलेत.

“हे लोक बोलत का नाय?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, आपली नोटीस.”

“मग हात कशाला हलवते?”

तेव्हा मी नीट पाहिलं. साचेखात्यात साचे चालू असताना शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथे सगळं बोलणं हातांनी चालतं. दोरा तुटला, दोऱ्याची कांडी संपली, साचा बंद कर, जॉबर म्हणजे मुकादम येतोय, या सगळ्याला खुणा आहेत. रोज राउंड घेताना मी त्या पाहत होतो. तिथे त्या कामाच्या होत्या. इथे त्याच खुणांनी शेकडो माणसं मॅच खेळवत होती.

पंजा डावीउजवीकडे सरकवला की धोटा. धोटा म्हणजे साच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी, दोऱ्याची कांडी पोटात घेतलेली लाकडी होडी. इथे त्याचा अर्थ, चेंडू पार त्या बाजूला टाक. मूठ पिळली की दोरा तुटला, म्हणजे मोहन्याच्या फळीत खिंडार पडलंय, तिथून घुस. खांद्यावर दोन बोटं ठेवली की मागून माणूस येतोय. एक जण खूण करायचा नाही. सगळी रेष करायची. कान्हा मान वर करायचा, रेषेवर नजर टाकायचा आणि वळायचा. त्याच्या मागून कोण येतंय हे त्याला मैदानाच्या चारी बाजूंनी दिसत होतं. कानवाल्यांना जे ऐकू येत नव्हतं ते त्याला दिसत होतं. टीममधले बाकीचे साचेवालेही तसेच खेळू लागले. तीन ट्रेनरनी मिळून जी टीम बांधली नाही, ती माझ्या डोळ्यांदेखत बांधली जात होती.

मग ते झालं. कान्हा चेंडू घेऊन सुटला होता, पाठ रेफरीकडे. मागे आमच्याच एकाने मोहन्याच्या माणसाला पाडलं. रेफरीने शिट्टी मारली. साहेब माझ्या शेजारी नेमकं तेवढ्याचसाठी उभे होते. आणि त्या क्षणी मैदानाच्या चारी बाजूंचे सगळे तळवे एकदम जमिनीकडे खाली आले. साचा बंद. कान्हाचा पाय किक मारायला मागे गेला होता, तो तिथेच थांबला. त्याने चेंडूवर पाय ठेवला, तो रेफरीकडे वळला आणि चेंडू त्याच्या हातात नेऊन दिला.

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुढे बरीच वर्षं नोकरी केली, मोर्चे पाहिले, संप पाहिले, पण इतकी माणसं एका माणसासाठी अशी एका जिवाने हललेली पुन्हा पाहिली नाहीत. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, कोणी जमवलं नव्हतं. आपल्यातल्या एकाचा कान गेला, तर सगळ्यांनी मिळून त्याचा कान व्हायचं, हे साच्यावर ते रोजच करत होते. फक्त आम्ही ऑफिसवाल्यांनी ते पाहिलं नव्हतं.

मॅच एक-एक अशी सुटली. आमचा गोल कान्हाच्या पासवर झाला, धोट्याच्या खुणेनंतर. शेवटची शिट्टी झाली तेव्हासुद्धा कोणी ओरडलं नाही. सगळ्यांनी हात वर करून पंजे हलवले आणि गप्प उभे राहिले. मोहन्याच्या खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या, मैदानावर तेवढाच आवाज झाला.

साहेब रेषेवरच्या पंज्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कोण शिकवते यांना?” मी म्हटलं, कोणी नाही, साचेखात्याची भाषा आहे ही. आणि आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून कान्हाचंही सांगून टाकलं.

साहेब तसेच बुटांनिशी चिखलात उतरले आणि कान्हासमोर जाऊन उभे राहिले. कान्हाने हात जोडले. साहेबांनी ते धरून खाली केले आणि त्याच्या चेहऱ्यासमोर तोंड नेऊन सावकाश म्हणाले, “त्या शेडमध्ये मला पन काय ऐकू येत नाय. मग मी पन अनफिट?”

कान्हाला शब्द कळले की नाही देव जाणे, अर्थ कळला. तो मटकन चिखलात खाली बसला आणि रडला. शेजारी उभ्या असलेल्या दाजी कदमने बगलेत हात घालून त्याला उठवलं.

सोमवारी चार्जशीट रद्द झाली. डॉक्टरांनाही साहेबांनी तेच विचारलं, की ज्या शेडमध्ये कोणालाच ऐकू येत नाही तिथे कान कशाला तपासता? कान्हा साच्यावर राहिला, आणि टीमच्या ऐन मध्यातही राहिला.

माणसाचा मूळ स्वभाव मात्र सहजी जात नाही. पुढच्या मोसमात साहेबांनी पुन्हा ट्रेनर आणायचं ठरवलं. एक अट मात्र नवी घातली. नव्या ट्रेनरने आधी आठवडाभर साचेखात्यात उभं राहायचं, मैदान नंतर. पहिला जेवणाच्या सुट्टीत कानांवर हात ठेवून पळाला. दुसरा दुसऱ्या दिवशी आलाच नाही. तिसरा टिकला. माणूस कुठूनही आणा, पण ज्यांच्यासाठी आणताय त्यांच्यात आधी उभा करून बघा, एवढं भरतीचं शास्त्र मी त्या नोकरीत शिकलो.

त्या तिसऱ्यालाही साचेखात्याच्या शिव्या चुकल्या नाहीत. हरलो की पडायच्याच. पण त्या हातांनी पडायच्या, आणि त्याला त्या कळायच्या.